परसातला उजेड

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. मृणाल,


तू पाठवलेली लाईटची यादी ताईनं दाखवली. बारा वॉटचे बारा दिवे, साडेसहा हजार केल्विनचा पांढराशुभ्र उजेड आणि ते बसवायला पत्र्याखाली पीओपीचं छत. एवढ्यात मागवू नकोस. बेंगळुरूत नोकरी सांभाळून तू आईबाबांच्या, आमच्या ताई-दाजींच्या, परसाचा एवढा विचार करतेस याचं मला फार कौतुक आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

आधी हिशेब बघ. परसातली शेड वीस बाय बारा फूट, म्हणजे २४० चौरस फूट. बारा दिव्यांचे झाले १४४ वॉट. चांगला एलईडी वॉटमागे ९० ल्युमेनच्या आसपास उजेड देतो, म्हणजे जवळजवळ तेरा हजार ल्युमेन. त्यातला काही भिंती-छतात मुरला असं धरलं तरी ४०० लक्सच्या घरातला, ऑफिसच्या टेबलावर असतो तेवढा उजेड अख्ख्या परसात पडेल. निवांत बसायला ५० ते १०० लक्स पुरतात. वाचायला ३०० लागतात, पण ते वाचणाऱ्याच्या हातातल्या कागदावर. सगळ्या फरशीवर कशाला?

म्हणून दिवे किती हा प्रश्न मागे ठेव आणि तिथं कोण कुठं बसतं ते डोळ्यांसमोर आण. दाजी भिंतीलगतच्या खुर्चीत पेपर वाचतात. ताई झोपाळ्यावर बसून भाजी निवडते. रविवारी सगळे टेबलाभोवती जेवतात. आणि परसात उतरायला दोन पायऱ्या आहेत. दाजींचे गुडघे बघता त्याच मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात. उजेड या चार ठिकाणी हवा. बाकीचा परस मंद राहू दे, म्हणजे शेवग्यामागचं आकाशही दिसेल.

हे मला केशवराव भोसले नाट्यगृहानं शिकवलं. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांची प्रकाशयोजना करायचो, तेव्हा नवीन पोरं हौसेनं सगळे स्पॉट एकदम लावायची आणि रंगमंचावर कुणाकडे बघायचं तेच प्रेक्षकाला कळायचं नाही. निम्मे बंद केले की नट दिसू लागायचा. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. त्या रात्रीबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही. तिथं हाताला आलेलं थोडं तरी तुमच्या घरी उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं.

अंबाबाईचा किरणोत्सव तर तू लहानपणापासून पाहिला आहेस. नोव्हेंबरात आणि जानेवारी सरता सरता मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. आधी चरण, मग छाती, मग मुख. उजेड केवढासा असतो! पण बांधणाऱ्यांनी दिशा नेमकी धरली होती. वाटेत एखादी इमारत उंच झाली की तोच सोहळा अडतो. तुझ्या शेडमध्येही उजेडाची वाट मोकळी ठेवावी लागेल, कारण मध्यभागी पंखा आहे. पात्यांच्या वर दिवा आला की खालचा उजेड सारखा लपलपत राहतो आणि जेवताना डोकं उठतं. दिवे पात्यांच्या घेराबाहेर घे.

आता स्पॉटचा कोन. खोक्यावर २४, ३६ किंवा ६० अंश असं छापलेलं असतं. ३६ अंशांच्या दिव्याचा गोल त्याच्या खालच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांश पडतो. नऊ फुटांवरून फरशीवर सहा फुटांचा, पण टेबल अडीच फूट उंच असल्यानं त्यावर सव्वाचार फुटांचाच. २४ अंशांचा फरशीवर चार फुटांहूनही थोडा कमी, ६० अंशांचा दहा फुटांच्या वर. टेबलाला ३६ अंशांचे पाच वॉटचे दोन दिवे पुरतील. दाजींच्या खुर्चीला २४ अंशांचा एक, डोक्यावर न ठेवता खांद्यामागून थोडा बाजूला, म्हणजे पेपरवर त्यांचीच सावली पडणार नाही. झोपाळ्यावर नेमका दिवा नकोच. मागं टेकून वर बघितलं की तो थेट डोळ्यांत जातो. ताईची भाजी निवडायची सोय जवळच्या भिंतीवर ६० अंशांचा दिवा टाकून होईल. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ असतो. ती भिंत जुन्या दगडाची आहे, तिला गिलावा करू नका. दिवा भिंतीपासून सात-आठ इंचांवर ठेवला तर दगडावरचा टाकीचा घाव न् घाव दिसतो. पायऱ्यांना वरून स्पॉट नको, बाजूच्या भिंतीत खाली, टाचेच्या उंचीवर, एक-दोन वॉटचे छोटे दिवे बसवा.

रंगाबद्दल मी हट्टच धरणार आहे. २७०० किंवा ३००० केल्विनचा पिवळसर उजेड घे. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळी चिप असते आणि तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो. साडेसहा हजारच्या दिव्यात निळा भाग बराच उरतो आणि पावसाळी किडे निळसर उजेडाकडे जास्त ओढले जातात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर पंखांची वाळवी कशी उठते ते आठव. ताटात किडे पडले की शेड बांधून काय उपयोग? पिवळ्या दिव्यांनी किडे थांबत नाहीत, पण बरेच कमी होतात. सीआरआयचा, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडाही बघ. ८० च्या दिव्याखाली लाल रंग मरतो आणि तांबडा रस्सा मळकट तपकिरी दिसतो. टेबलावरचे दोन तरी ९० चे असू देत.

आता पावसाचं. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर तिरका आत येतो. शेडच्या कडेच्या चार फुटांत आयपी ६५ चेच दिवे लाव. दोन आकड्यांतला पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आत भिंतीकडे ४४ चालेल. पण एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. छतात बसवायच्या कितीतरी दिव्यांचं आयपी ६५ फक्त समोरच्या तोंडापुरतं असतं, पाठ उघडीच. तुमच्या शेडला वर नुसता पत्रा आहे. पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं, ते पाठीवरच ठिबकणार. आणि एप्रिल-मेमध्ये पत्रा तापला की छताच्या पोकळीत कोंडलेल्या गरम हवेत दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर भाजत राहतो. एलईडी जळाला असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेकदा चिप शाबूत असते, ड्रायव्हरमधला कपॅसिटर गेलेला असतो. म्हणून पीओपी रद्द कर. ओलीत ते फुगेल, काळं पडेल, शिवाय ते टाळलं तर पैसेही वाचतील. शेडच्या पाइपला क्लॅम्पनं धरणारे, फिरवता येणारे, ॲल्युमिनियम बॉडीचे सरफेस दिवे घे. ड्रायव्हर वेगळा आणि बदलता येईल असा, भिंतीवरच्या बंद बॉक्समध्ये. वायर बॉक्समध्ये खालून शिरू दे, म्हणजे पाणी तिच्यावरून आत उतरणार नाही. ड्रायव्हरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आणि चार केव्हीचं सर्ज प्रोटेक्शन बघून घे. वळवाच्या कडकडाटात त्याचीच परीक्षा होते. परसाची लाईन वेगळ्या एमसीबीवर घ्यायची आणि गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी लावायचंच. ओल्या फरशीवर ताई अनवाणी वावरते. यात पैसा वाचवू नकोस.

टेबल, भिंत, पायऱ्या यांची बटणं वेगवेगळी ठेव. पायऱ्यांचे दिवे रात्रभर राहिले तरी बिल जाणवणार नाही.

सगळे एकदम मागवण्याऐवजी तीन कोनांचे तीन नमुने मागव. चालू दिव्याकडे मोबाइलचा कॅमेरा धरायचा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे, परत पाठव. पसंत पडतील तेवढेच पुढं घेऊ. माझ्या अंदाजानं पायऱ्यांचे धरून सात-आठ होतील.

वायरमनला मी रविवारी दिवेलागणीला बोलावलं आहे. भर दुपारी उजेडाची जागा ठरवता येत नाही. ताई आणि दाजींना आपापल्या जागी बसवून मगच क्लॅम्प आवळू. तोपर्यंत शेडच्या पाइपचा व्यास दाजींकडून मोजून घे आणि त्याच मापाचे क्लॅम्प नमुन्यांबरोबर मागव.

तुझा,
मामा