छापील ग्रंथ की ई-पुस्तक? वाचकांच्या निवडीचा एक अभ्यास

प्रास्ताविक

दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमतो. परतताना त्यांतील कित्येकांच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी एक तरी नवे पुस्तक असते. ग्रंथ विकत घेणारा समाज अशी आपली ओळख झाली आहे. मात्र गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील मुले तेच ग्रंथ मोबाईलच्या पडद्यावर वाचू लागली आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, "पुस्तक हातात घेऊन वाचा." मुले म्हणतात, "सगळे खंड फोनमध्ये आहेत, कपाट कशाला?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. विहारात ग्रंथालय किंवा अभ्यासिका उभारताना जमलेली वर्गणी कशावर खर्च करावी, हा प्रश्न यातूनच निर्माण होतो. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

धम्म आणि ग्रंथाचे बदलते रूप

तथागतांची वचने प्रथम भिक्खूंच्या मुखात होती. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, श्रीलंकेत तिपिटक प्रथमच लेखनबद्ध झाले. पुढे ब्रह्मदेशात मिंडॉन राजाने मंडाले येथे संपूर्ण तिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतले. छपाईची तारीख असलेला, आज उपलब्ध असलेला जगातील सर्वांत जुना संपूर्ण मुद्रित ग्रंथ हासुद्धा बौद्ध ग्रंथच आहे. तो म्हणजे इ. स. ८६८ मध्ये चीनमध्ये छापलेले 'वज्रच्छेदिका' सूत्र. एका उपासकाने आपल्या आईवडिलांच्या नावे मोफत वाटण्यासाठी ते छापविल्याची नोंद त्याच्या शेवटी आहे. आपल्या महाराष्ट्रात इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तिपिटक व अट्ठकथा देवनागरीत छापल्या आणि १९९० च्या दशकात तेच पाली साहित्य संगणकाच्या तबकडीवरही आणले.

कंठ, ताडपत्र, शिला, कागद आणि आता पडदा असा हा प्रवास आहे. साधन बदलले म्हणून धम्म बुडाला नाही. प्रत्येक वेळी मूळ वचन शुद्ध राहील याची काळजी घेणारे लोक होते, म्हणून तो टिकला. आजही मुख्य काळजी तीच आहे.

बाबासाहेब आणि ग्रंथ

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ग्रंथप्रेम सर्वश्रुत आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' त्यांनी ग्रंथांना जागा मिळावी म्हणून बांधले. पण ग्रंथ गमावण्याचे दुःखही त्यांनी सोसले. १९१७ मध्ये ते विलायतेहून परतत असता त्यांचे सामान व ग्रंथ घेऊन निघालेले जहाज महायुद्धात पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडविले गेले. ज्या वस्तूची एकच प्रत असते, ती एका आघातात नष्ट होते, हा त्यातील धडा आहे.

आपल्या सोलापूरचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबरच वाचनालये व अभ्यासवर्ग काढणे हे स्पष्टपणे नमूद होते. त्यानुसार सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. त्यास सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले. विद्यार्थ्यांसाठी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही निघत असे. ज्यांना शाळेत पाटीला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या मुलांनी शंभर वर्षांपूर्वी वाचनाचा असा आरंभ केला. तो पुढे नेण्याची जबाबदारी आपली आहे.

खंडांची कहाणी

महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे साहित्य प्रकाशित करण्याचे काम हाती घेतले आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ अकराव्या खंडात, तर त्यांचे पाली व्याकरण व शब्दकोश सोळाव्या खंडात आहे. हे खंड अल्प किमतीत मिळत, म्हणून गरिबाच्या घरीही पोचले. परंतु अनेक खंड पुढे दुर्मिळ झाले. छपाई रखडल्याच्या वृत्ताची डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नऊ लाख प्रतींचे नियोजन असताना सुमारे ३३ हजार प्रतीच छापल्या गेल्या, असे त्या वृत्तात म्हटले होते.

अशा काळात विद्यार्थ्याला आधार मिळाला तो पीडीएफचा. इंग्रजी खंड केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध झाले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने 'जातिनिर्मूलन' या निबंधाची टिपांसह अभ्यास-आवृत्ती संगणकावर आणली. ज्याच्या गावी पुस्तकाचे दुकान नाही, त्या मुलालाही हे ग्रंथ घरबसल्या मिळू लागले. हा उपकार लहान नाही.

वाचकांची आवड व आकलन

ई-पुस्तक आले म्हणजे छापील पुस्तक संपले, असे घडलेले नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये झालेल्या पाहणीत, आधीच्या वर्षभरात छापील पुस्तक वाचणारे प्रौढ ६५ टक्के, तर ई-पुस्तक वाचणारे ३० टक्के आढळले. भारतासह पाच देशांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांना प्राध्यापिका नेओमी बॅरन यांनी विचारले असता ९२ टक्के विद्यार्थ्यांनी एकाग्रता छापील मजकुरावरच अधिक साधते असे सांगितले.

आवड ही एक गोष्ट आणि आकलन ही दुसरी. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचल्यास अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यात दिसले. कथा-कादंबरीच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही. याचे एक कारण सवयीत असावे. फोनवर आपण सरकवत, चाळत वाचतो आणि 'समजले' असे वाटून पुढे जातो. शिवाय त्याच फोनवर घंटी वाजते, संदेश येतो आणि मन विचलित होते.

ई-पुस्तकाचे गुणही तितकेच खरे आहेत. अक्षर मोठे करता येते, त्यामुळे दृष्टी मंदावलेले ज्येष्ठ वाचू शकतात. दृष्टिहीन बांधवांना मजकूर ऐकता येतो. हवा तो शब्द क्षणात सापडतो. परंतु जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ पुष्कळदा पानांची नुसती छायाचित्रे असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते. यंत्रमाग कामगाराच्या किंवा विडी वळणाऱ्या माऊलीच्या एका खोलीच्या घरात सर्वांत मिळून एकच स्मार्टफोन असेल, तर रात्री तो कोणाच्या वाट्याला येईल हेही पाहिले पाहिजे. छापील पुस्तकाला चार्जिंग लागत नाही आणि ते तिघा भावंडांत आळीपाळीने फिरते.

दोन धोके

पहिला धोका खोट्या अवतरणांचा. बाबासाहेबांच्या किंवा बुद्धांच्या नावावर रोज नवी वाक्ये मोबाईलवर फिरतात. कालामांना तथागतांनी हेच सांगितले की, केवळ ऐकीव आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, तपासून पाहा. ज्या अवतरणाखाली ग्रंथ, खंड व पृष्ठ नाही, ते पुढे पाठवू नये. तपासण्यासाठी ई-प्रतीत शब्द शोधावा आणि छापील खंडात मागचा-पुढचा संदर्भ वाचावा. येथे दोन्ही साधने एकमेकांना पूरक ठरतात.

दुसरा धोका लेखक-प्रकाशकांच्या हानीचा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. पण अनुवादांचे आणि आजच्या लेखकांच्या पुस्तकांचे हक्क वेगळे असतात. चैत्यभूमीवर फुटपाथवर पुस्तके मांडणारा छोटा प्रकाशक हा चळवळीचाच कार्यकर्ता आहे. त्याच्या पुस्तकाची चोरटी पीडीएफ वाटणे म्हणजे धम्मदान नव्हे. पंचशीलातील दुसरे शील येथेही लागू आहे.

आपण काय करावे?

१) मूलभूत ग्रंथ छापीलच घ्यावेत आणि प्रत्येकाच्या किमान दोन प्रती ठेवाव्यात. एक विहारात वाचण्यासाठी, एक घरी नेण्यासाठी.

२) वर्षावासातील 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे सामुदायिक वाचन छापील ग्रंथावरूनच करावे. एक वाचतो, शंभर ऐकतात. ज्या माता-भगिनींना अक्षरओळख नाही, त्याही या वाचनात सहभागी असतात.

३) दुर्मिळ व महागड्या संदर्भग्रंथांसाठी अभ्यासिकेत एक संगणक ठेवावा. अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या ई-प्रती त्यात विषयवार लावाव्यात.

४) विद्यार्थ्यांनी ई-पुस्तक वाचताना वही जवळ ठेवावी, प्रकरण संपताच पाच ओळींत सार लिहावे आणि फोनवरील सूचना बंद कराव्यात.

समारोप

छापील की ई-पुस्तक, हा वाद साधनांचा आहे. ज्याला चिकित्सेने, सलग आणि समजून वाचायचे आहे, त्याने ग्रंथ हाती घ्यावा. ज्याला शोधायचे, पडताळायचे आहे किंवा ज्याच्यापर्यंत ग्रंथ पोचलाच नाही, त्याने पडद्याचा निःसंकोच उपयोग करावा. खंड कपाटात बंद राहिले काय किंवा फोनमध्ये न उघडता पडून राहिले काय, परिणाम एकच. वाचणारा माणूस नसेल तर दोन्ही व्यर्थ आहेत.

विद्यार्थ्यांनी विचार करावा असे प्रश्न

१) गेल्या महिन्यात आपण कोणते पुस्तक शेवटपर्यंत वाचले? कागदावर की पडद्यावर?

२) बाबासाहेबांचे एक अवतरण निवडा आणि त्याचा खंड व पृष्ठ शोधून काढा.

३) आपल्या घरात वाचू न शकणाऱ्या व्यक्तीला आपण आठवड्यातून किती वेळ वाचून दाखवतो?

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!