खोटी सुई कशी बनवायची?

नवीन गोळी तपासायची पद्धत साधारण सगळ्यांना माहीत असते. निम्म्या रुग्णांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. हेच ते डबल ब्लाइंड. एवढा खटाटोप कशासाठी? तर आपल्यावर उपचार होतोय या नुसत्या समजुतीनेही माणसाला बरे वाटते. हा प्लासिबो परिणाम वजा केल्याशिवाय औषधाचा परिणाम कळत नाही. लॅबमध्ये आधी झिरो एरर काढतो, तसलेच हे.

ब्लाइंडिंग हा शब्द सुरुवातीला अगदी शब्दशः खरा होता. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर याच्या चुंबकीय उपचारांची चौकशी झाली, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन (हो, तोच पतंगवाला) आणि लॅव्हॉझिए यांच्या समितीने रुग्णांच्या डोळ्यांवर चक्क पट्ट्या बांधल्या होत्या. उपचार चालू आहे असे नुसते सांगितले तरी रुग्णांवर परिणाम व्हायचा, आणि न सांगता केला तर काहीच व्हायचे नाही!

गोळीचे ठीक आहे, पण ॲक्युपंक्चरचे काय? सुई टोचली की नाही, हे ज्याचे अंग त्याला कळणारच. टोचणाऱ्याला तर कळणारच कळणार.

पहिला उपाय असा की सुई टोचायची, पण चुकीच्या जागी आणि वरवर. यात एक गोची आहे. कातडीत कुठेही सुई गेली तरी तिथल्या नसा जाग्या होतातच. म्हणजे हा प्लासिबो निष्क्रिय आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मल्टीमीटर लावल्यावर सर्किटच बदलते ना, तसा प्रकार.

मग १९९८ साली जर्मनीत स्ट्राइटबर्गर यांनी नाटकातल्या खंजिरासारखी सुई काढली. टोक बोथट, दाबली की सुई स्वतःच्याच मुठीत सरकते आणि आत गेल्यासारखी दिसते. ६० जणांवर दोन्ही सुया वापरून पाहिल्या. खऱ्या सुईने ५४ जणांना टोचल्यासारखे वाटले आणि खोट्या सुईने ४७ जणांना. सुई आत गेलीच नसावी असा संशय एकालाही आला नाही! मात्र ॲक्युपंक्चरवाले ज्याला ‘दे ची’ म्हणतात, ती बोथट ठसठस खऱ्या सुईने ३४ जणांना जाणवली, खोटीने फक्त १३ जणांना. म्हणजे अनुभवी रुग्ण ओळखू शकेल.

अमेरिकेतल्या २००९ च्या एका चाचणीत तर नळीतून टूथपिक टेकवली. कंबरदुखीचे ६३८ रुग्ण, आधी कधीच ॲक्युपंक्चर न घेतलेले. पाठीवर काय चाललेय ते कोणाला दिसतेय! टूथपिकवाल्यांनाही खऱ्या सुईवाल्यांइतकाच आराम पडला.

टोचणाऱ्याचे डोळे बांधायचे काम राहिलेच होते. २००७ साली जपानमध्ये ताकाकुरा आणि याजिमा यांनी अपारदर्शक नळीत सुई बसवली आणि नळीत भरण घातले, म्हणजे बोथट सुईलाही हाताला तसाच अडथळा लागतो. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी बघण्यासारखे डिझाइन आहे.

आता खरी मेख. २००७ मध्ये जर्मनीतल्या मोठ्या चाचणीचे निकाल छापून आले. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्ण ठरवलेल्या निकषावर सुधारले, खोट्याने ४४.२ टक्के आणि औषधे-व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. पहिल्या दोन आकड्यांत फारसा फरक नाही, म्हणजे जागेचे आणि खोलीचे शास्त्र इथे टिकले नाही. पण दोन्हींनी नेहमीच्या उपचारांना मागे टाकले, त्याचे काय? इथे घाई नको. तिसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळणार नाहीत हे पक्के ठाऊक होते. ती तुलना ब्लाइंड नव्हतीच, त्या २७.४ मध्ये निराशाही मिसळलेली असू शकते. २०१२ साली २९ चाचण्यांमधल्या सुमारे १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा खऱ्या-खोट्यात फरक निघाला, पण लहान. सुयांशिवायच्या उपचारांशी तुलना केली तर फरक मोठा.

मग हे रुग्णाला द्यायचे की नाही? जर्मनीने २००६ मध्येच ठरवले की कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी आरोग्य विम्यातून पैसे द्यायचे, कारण लोकांना आराम पडतोय. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी शिफारस केली आणि २०१६ मध्ये काढून घेतली, कारण खोट्या सुईपेक्षा विशेष काही जास्त मिळत नाही. एकाने तुलना केली नेहमीच्या उपचारांशी, दुसऱ्याने खोट्या सुईशी. मला स्वतःला २०१६ चा निर्णय जास्त पटतो; पण वर्षानुवर्षे कंबर धरून बसलेल्या माणसाला पटेलच असे नाही. आणि ‘नाइस’नेही २०२१ मध्ये, नेमके कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी, ॲक्युपंक्चरच्या एका कोर्सचा विचार करायला हरकत नाही असे सांगून टाकले आहे.