मातीतील गोम आणि जमिनीचे आरोग्य

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावर विसरवाडी हे गाव वसले आहे. याच तालुक्यातील तूरडाळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. पिकाची कीर्ती अशी दूरवर जाते. ज्या मातीत ते वाढते, तिच्यातील जीवसृष्टी मात्र बहुधा दुर्लक्षितच राहते. पहिल्या पावसानंतर ढेकूळ फोडताना दोऱ्यासारखी बारीक, पिवळसर, वळवळणारी गोम दिसली की ती तत्काळ ठेचली जाते. या प्राण्याची खरी ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीन प्राणी, तीन स्वभाव

गोम, घोण आणि वाणी यांची गल्लत नेहमी होते. वाणी हा कुजका पालापाचोळा खाणारा निरुपद्रवी प्राणी होय. त्याच्या शरीराच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. गोम आणि घोण या मांसाहारी असून त्यांच्या प्रत्येक वलयास एकच जोडी असते. घोण आकाराने मोठी असते. आपल्याकडील घोणीला सामान्यतः पायांच्या २१ जोड्या असतात आणि तिचा दंश अतिशय वेदनादायक असतो. मातीतील गोमेच्या मुखाखालीही विषारी नख्यांची जोडी असते. परंतु ती इतकी लहान असते की माणसास तिच्यापासून सहसा अपाय होत नाही.

थंड प्रदेशातील बहीण

युरोपातील थंड, दमट मातीत आढळणाऱ्या गोमांच्या एका प्रजातीस लीच या शास्त्रज्ञाने १८१४ साली ‘जिओफिलस’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘भूमिप्रिय’. आपल्याकडील उष्ण हवामानात तिच्याच गणातील ‘मेसिस्टोसेफॅलस’ ही लांबट डोक्याची प्रजाती आढळते. या गणातील गोमांना डोळे नसतात. त्या शृंगिकांनी चाचपडत आणि गांडुळाप्रमाणे शरीर आखडत-ताणत मातीच्या भेगांतून वाट काढतात. समुद्रकिनारी राहणाऱ्या ‘स्ट्रिगामिया’ या युरोपीय गोमेचा जनुकसंच २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्राण्यांच्या दृष्टीस आवश्यक अशी परिचित जनुके तीत आढळली नाहीत.

गणिताच्या शिक्षकांस येथे एक उत्तम उदाहरण मिळेल. या गणात पायांच्या जोड्या २७ पासून १९१ पर्यंत असू शकतात. पण जोड्यांची संख्या जवळजवळ नेहमीच विषम असते. मेसिस्टोसेफॅलसच्या बहुतेक जातींत ४९ जोड्या, म्हणजे ९८ पाय असतात. ‘शतपाद’ म्हणविणाऱ्या या प्राण्यास बरोबर शंभर पाय का नसतात, याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच शोधू शकतील : शंभर पायांसाठी ५० जोड्या लागतील आणि ५० ही समसंख्या आहे.

खरी गोम येथेच आहे

मातीतील अळ्या, लहान कीटक आणि गांडुळे हे या गोमेचे भक्ष्य होय. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र. मग त्याला खाणारी गोम शत्रू नव्हे काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. परंतु जेथे भक्ष्य विपुल, तेथेच भक्षक टिकतो. गोमेच्या अंगावर पाणी धरून ठेवणारे पक्के आवरण नसते. त्यामुळे कोरड्या, उघड्या मातीत ती जगू शकत नाही. उन्हाळ्यात ओलावा शोधीत ती खोल जाते. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून पिले बाहेर येईपर्यंत त्यांची राखण करते. हे वेटोळे निर्वेध राहील, इतकी ओल आणि निवांतपणा मातीत असणे आवश्यक असते. म्हणूनच गोम दिसणे, हे जमिनीत ओलावा, सेंद्रिय द्रव्य आणि सूक्ष्म जीवसृष्टी शिल्लक असल्याचे एक लक्षण मानता येईल. केवळ भीतीपोटी मातीत कीटकनाशक ओतल्यास गोमेबरोबर ही सारी साखळीच नष्ट होण्याचा धोका असतो.

काय करता येईल?

शेतकऱ्यांनी पिकाचे अवशेष न जाळता कुजवावेत व बांधावरील पालापाचोळा राखावा. शिक्षकांनी नरसाळ्यावर जाळी बसवून तीत ओली माती ठेवावी आणि वर विजेचा दिवा लावावा. उष्णतेपासून दूर पळणारे जीव खालील भांड्यात जमा होतात. ते मोजून पुन्हा शेतात सोडावेत. घोण मात्र हाताळू नये. तिचा दंश झाल्यास जागा साबणाने धुऊन सोसवेल इतक्या कोमट पाण्याने शेकावी आणि रुग्ण लहान मूल असल्यास अथवा त्रास वाढल्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे कर्तव्य आहे. वृक्ष, पक्षी व वनौषधी यांच्याबरोबर मातीतील जीवांनाही या नोंदवहीत एक पान मिळावे. गावातील वृद्ध शेतकरी आणि आदिवासी बांधव या प्राण्यांना कोणत्या नावाने ओळखतात व ते केव्हा दिसतात, एवढे जरी पंचायत सदस्यांनी विचारून नोंदविले, तरी पुढील पिढीस आपल्या जमिनीची स्थिती ताडून पाहण्याचे एक साधन उपलब्ध होईल.