साखरेच्या रेणूतील अदलाबदल

मीरा रोडच्या नया नगरात रमजानच्या संध्याकाळी घरोघरी सरबत ढवळले जाते. साखर पाण्यात दिसेनाशी होते. नुसत्या साखरपाण्यातले पाणी काळजीपूर्वक उडवून लावले तर साखर परत मिळते. मग आपण म्हणतो, "साखर होती तशीच राहिली." विद्यार्थिमित्रहो, हे खरे आहे काय?

साखरेच्या एका रेणूत हायड्रोजनचे २२ अणू असतात. त्यांपैकी ८ ऑक्सिजनला व १४ कार्बनला जोडलेले असतात. पाण्यातही हायड्रोजन असतोच. या दोघांत अणूंची अदलाबदल झाली तरी अणू सारखेच असल्याने ती कळणार कशी? त्यासाठी खूण असलेला अणू हवा. तो म्हणजे ड्यूटेरियम, हायड्रोजनचा सुमारे दुप्पट वजनाचा समस्थानिक. हॅरल्ड यूरी यांनी तो १९३१ मध्ये शोधला. ड्यूटेरियम व ऑक्सिजन यांचे पाणी ते जड पाणी.

आता ३४२ ग्रॅम साखर भरपूर जड पाण्यात विरघळवा आणि दमट हवा लागू न देता पाणी काढून टाका. साखर भरेल सुमारे ३५० ग्रॅम! म्हणजे रेणूमागे फक्त ८ अणू बदलले. २२ बदलले असते तर वजन ३६४ ग्रॅम झाले असते. ऑक्सिजनजवळचा हायड्रोजन शेजारच्या पाण्याशी सहज देवघेव करतो; डोळ्याचे पाते लवण्याच्या आतच ती पुरी होते. कार्बनजवळचा मात्र जागचा हलत नाही.

तो कधीच हलत नाही काय? हलतो, पण वाट मिळाली तर. ॲसिटोनमधील सहाही हायड्रोजन कार्बनला जोडलेले असतात. जड पाण्यात थोडा अल्क मिसळला की तो ॲसिटोनमधील एक हायड्रोजन ओढून घेतो. मागे राहिलेला ऋणभार जवळचा ऑक्सिजन वाटून घेतो आणि रिकाम्या जागी ड्यूटेरियम येतो. ठरावीक वेळाने नमुने काढून मोजले तर एक सुंदर नियम दिसतो. समजा, पहिल्या तासात निम्मे अणू बदलले. दुसऱ्या तासात उरलेल्यांचे निम्मे बदलतील, म्हणजे एकूण ७५ टक्के. तिसऱ्या तासाअखेर ८७.५ टक्के. कारण वेग उरलेल्या अणूंच्या प्रमाणात असतो. अल्काचे प्रमाण दुप्पट केले की वेगही दुप्पट होतो आणि निम्मे अणू बदलायला अर्धाच तास लागतो.

हा वेगाचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. निसर्गातील पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे एकच ड्यूटेरियमचा असतो. अणुभट्ट्यांसाठी तो वेचावा लागतो. रायगड जिल्ह्यात थळ येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या जड पाणी प्रकल्पात हायड्रोजन वायू व द्रव अमोनिया यांच्यातील अदलाबदल वापरली गेली. ड्यूटेरियमचा ओढा अमोनियाकडे असतो. पण ओढा असला तरी वेग नसतो! पोटॅशियम अमाइड हा उत्प्रेरक नसेल तर कारखाना उभा करून उपयोग नाही. अदलाबदल कोठवर जाईल हे समतोल सांगतो. ती केव्हा होईल हे वेग सांगतो. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, हे विसरू नका.

आता तुम्ही सोडवा: ग्लुकोजचा रेणुभार १८०. त्याच्या १२ हायड्रोजनांपैकी ५ ऑक्सिजनला जोडलेले आहेत. १८० ग्रॅम ग्लुकोज भरपूर जड पाण्यात विरघळवून कोरडे केले तर वजन किती भरेल? आणि तेच पुन्हा भरपूर साध्या पाण्यात विरघळवून कोरडे केले तर?

(उत्तरे: सुमारे १८५ ग्रॅम; पुन्हा १८० ग्रॅम.)