चामखिळीची वाट

अहमदनगर, म्हणजेच आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड हा एक तालुका आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. दिवसभर शेतात राबलेले पाय घरामागच्या मोरीत धुतले जातात. मोरीतील दगड एक, टाचा घासण्याची वज्री एक आणि अंग पुसण्याचा पंचाही बहुधा एकच! थोरल्या मुलाच्या टाचेवर एक खरखरीत उंचवटा आलेला असतो. कुरूप झाले असावे, असे समजून तो रोज त्यावर वज्री घासतो. काही महिने लोटतात आणि धाकट्या बहिणीच्या तळपायावरही तसाच उंचवटा दिसू लागतो. मग घरातील माणसे मुलाला बजावतात, "तिच्याजवळ बसू नकोस." बिचारा मुलगा ओसरीवर एकटाच जेवू लागतो. परंतु दोष खरोखर कोणाचा?

तो उंचवटा कुरूप नसून चामखीळ असते. कुरूप दाबामुळे होते. ते एकापासून दुसऱ्यास होत नाही. चामखीळ मात्र विषाणूमुळे उद्भवते. इटलीतील जुझेप्पे चुफ्फो या डॉक्टरांनी १९०७ साली हे दाखवून दिले. त्यांनी चामखिळीचा अर्क काढून तो अतिशय सूक्ष्म गाळणीतून गाळला. जीवाणू त्या गाळणीतून पार होऊ शकत नसत. तो गाळलेला अर्क त्यांनी स्वतःच्याच त्वचेत टोचून घेतला आणि कालांतराने तेथे चामखीळ उगवली! हा विषाणू इतका लहान असतो, की एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर असे सुमारे १८,००० विषाणू ओळीने मावतील.

चामखिळीवरील त्वचेचे बारीक कण गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर विषाणूही बाहेर पडतो. ओली फरशी, वज्री, पंचा, चपला यांवर तो काही काळ टिकून राहतो. प्रत्यक्ष स्पर्शानेही तो पसरतो. परंतु धडधाकट त्वचेची तटबंदी त्याला सहसा भेदता येत नाही. पाण्याने मऊ पडलेल्या, चिरा गेलेल्या किंवा खरचटलेल्या त्वचेतून त्याला वाट मिळते. वज्री तर दुहेरी काम करते: ती एकाच्या टाचेवरील विषाणू उचलते आणि दुसऱ्याच्या टाचेवर ओरखडेही पाडते.

याच जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले. त्यांपैकी कित्येक निरक्षर होत्या. तरीही रोग कशामुळे होतो व घरातच तो कसा अडवावा, हे त्या घरोघरी समजावून सांगू लागल्या. कुष्ठरोग्यांनाही या प्रकल्पात दूर लोटले गेले नाही. रोगाची वाट अडवावी, रोग्याची नव्हे, हाच धडा क्षुल्लक चामखिळीलाही लागू पडतो.

म्हणून प्रत्येकाने आपला पंचा व वज्री निराळी ठेवावी. मोरी कोरडी राखावी. अनेक जण स्नान करतात तेथे पायांत चपला असाव्यात. चामखीळ नखाने कोरू नये, पात्याने कापू नये, तिला घोड्याचा केसही बांधू नये. ती दुखत असल्यास किंवा वाढत असल्यास डॉक्टरांना दाखवावी. मुलांच्या बहुतेक चामखिळी दोन वर्षांच्या आत आपोआप नाहीशा होतात.

ओसरीवर बसलेल्या त्या मुलाला आता घरात बोलवावे. त्याचा पंचा खुशाल वेगळा असावा. त्याचे पान मात्र सर्वांच्या पंगतीतच मांडावे.