टेन्शनची वाफ

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "एक झुरका मार, टेन्शन जाईल." फरक इतकाच, की आता हातात सिगारेटऐवजी पेनड्राइव्हसारखं दिसणारं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट असते. "धूर कुठे आहे? नुसती वाफ!" असंही वर सांगितलं जातं. आपण इंजिनिअरिंगवाले, तर आधी ते यंत्रच उघडून बघू.

आत लिथियम बॅटरी, तापणारी कॉइल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं निकोटिन. झुरका घेतला की कॉइल तापते, द्रवाची वाफ होते आणि काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. डोपामिन सुटतं, बरं वाटतं. इथवर मित्राचं म्हणणं खरं आहे.

गोम पुढे आहे. रक्तातलं निकोटिन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. सवय लागलेला मेंदू मग कुरकुर करतो. चिडचिड, अस्वस्थपणा, अभ्यासात लक्ष न लागणं. ही तर टेन्शनचीच लक्षणं! म्हणजे पुढचा झुरका सबमिशनचं टेन्शन घालवत नाही, मागच्या झुरक्याने लावलेलं तेवढं घालवतो. सबमिशन तिथल्या तिथेच.

त्यातून आपलं वय अडचणीचं. निर्णय आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे या वयात व्यसन लवकर जडतं. अमेरिकेत २०१९ च्या पाहणीत हायस्कूलची २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढत होती. अशा मुलांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळते. आधी काय, उदासी की व्हेप? दोन्ही बाजूंनी घडतं. उदास मुलगा व्हेपकडे वळतो आणि व्हेप त्याला आणखी खाली ओढतं.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, विक्री आणि जाहिरात बंद आहे. त्यामुळे चोरून आलेल्या कुपीत नक्की काय नि किती आहे, हे तपासणारं कुणी नाही.

सोडताना पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगतो. पण काही आठवड्यांत मन थाऱ्यावर येतं. एकट्याने जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि गच्चीवरच्या त्या मित्राला लेक्चर देऊ नका. चहाला घेऊन जा आणि विचारा, "बाबा, टेन्शन नक्की कसलं आहे?"