दहावा परत आला : उपकारकर्त्याचे आभार कसे मानावेत?

वाचन : लूक १७:११-१९, रोम. १६:१-२३, फिलिप्पै. ४:१०-२०

केलेले उपकार जाणणाऱ्यास आपण 'कृतज्ञ' म्हणतो आणि न जाणणाऱ्यास 'कृतघ्न'. पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ 'केलेले जाणणारा' आणि दुसऱ्याचा 'केलेल्याचा घात करणारा' असा आहे. उपकार नुसता विसरणे हाही एक प्रकारचा घात आहे, असे ही शब्दांची जोडी आपणास सुचविते.

आपल्या घरांत आभार मानण्याची रीत फारशी नाही. भावाचे आभार मानले, तर "मला परका समजतोस काय?" असे तोच विचारील. उलट सभा-समारंभांत आभारप्रदर्शन असते, पण ते शेवटी येते आणि तोवर निम्मे श्रोते चहाकडे वळलेले असतात. या दोहोंच्या मध्ये उपकारकर्त्यांचा एक मोठा वर्ग राहून जातो. ते आपले नातलग नसतात आणि व्यासपीठावरही बसलेले नसतात. उपचारांसाठी वेल्लोरला गेलेल्या कुटुंबास कोणी खोली शोधून देतो, कोणी तामिळ दुभाषा होतो, कोणी रक्त देतो. बदली होऊन दिल्लीस किंवा कोलकात्यास गेलेल्यास एखादा अनोळखी विश्वासी मुलांच्या शाळेची माहिती देतो. काम झाले की आपण देवाची उपकारस्तुती करितो. ते योग्यच आहे. परंतु त्या मनुष्याचे काय? पवित्र शास्त्रातून या प्रश्नाचा थोडा विचार करू.

१. परत जाऊन सांगणे

शोमरोन व गालील यांच्या सीमेवर प्रभू येशूला दहा कुष्ठरोगी भेटले. याजकांस जाऊन दाखवा, असे त्याने त्यांस सांगितले आणि वाटेत जात असतानाच ते शुद्ध झाले. पुढे निघून गेलेल्या नऊ जणांनी कोणतीही आज्ञा मोडली नव्हती. सांगितले तेच ते करीत होते. कदाचित त्यांनी मनोमन देवाची स्तुतीही केली असेल. तरी येशूने त्यांच्याविषयी विचारणा केली. जो एक शोमरोनी परतला, त्याने मोठ्याने देवाचे गौरव केले आणि त्याबरोबरच येशूच्या पायांशी येऊन त्याचे उपकार मानले. आरंभी दूर उभा राहणारा मनुष्य शेवटी जवळ आला.

मदत करणाऱ्यास पुष्कळदा शेवट कळत नाही. रक्त दिले, पण रुग्ण बरा झाला की नाही? शाळेचे नाव सांगितले, पण मुलास प्रवेश मिळाला काय? यास्तव आभाराचा पहिला नियम हा, की परत जाऊन काय झाले ते सांगावे. उपाय लागू पडला नाही, तरीही सांगावे. त्याने खर्च केलेल्या वेळेचा तोही मान आहे, आणि पुढच्या गरजवंतास तो अधिक नेमका सल्ला देऊ शकेल.

२. वेळेवर मानणे

लेवीय ७:१५ मध्ये उपकारस्तुतीच्या शांत्यर्पणाविषयी एक लक्षणीय नियम आहे. त्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खावयाचे होते. सकाळपर्यंत काहीही ठेवावयाचे नव्हते. नवसाच्या अर्पणास दुसऱ्या दिवसाची सवलत होती, पण उपकारस्तुतीस नव्हती. एका कुटुंबास एका दिवसात एवढे मांस संपविणे कठीण, म्हणून इतरांस त्या भोजनात सहभागी करणे ओघानेच आले असावे. म्हणजे उपकारस्तुती ताजी असावी आणि ती दहा जणांच्या कानी जावी.

याच्या उलट उदाहरण फारोच्या प्यालेबरदारांच्या नायकाचे. बंदिशाळेत योसेफाने त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि मोबदल्यात केवळ आठवण मागितली. तो मनुष्य सुटला आणि विसरला. पूर्ण दोन वर्षांनी फारोला गरज पडली, तेव्हा त्यास योसेफ आठवला (उत्पत्ती ४०-४१). त्याच्या मनात वैर नव्हते, केवळ विस्मरण होते; परंतु ती दोन वर्षे योसेफाने बंदिशाळेत काढिली.

३. नाव घेऊन, कृत्य सांगून

नव्या करारात उपकार मानणे या अर्थाचे 'युखारिस्तेओ' हे ग्रीक क्रियापद बहुतेक सर्व ठिकाणी देवाला उद्देशून आले आहे. रोम. १६:४ हा त्यास ठळक अपवाद आहे. तेथे पौल प्रिस्का व अक्विला यांचे आभार मानितो आणि कारणही देतो : त्यांनी त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला होता. या अध्यायाकडे पुष्कळ वाचक नावांची यादी म्हणून पाहतात व पान उलटतात. पण बारकाईने वाचल्यास अनेक नावांपुढे एकेक कृत्य दिसते. किंख्रियाची फिबी पुष्कळांस व स्वतः पौलासही साहाय्य करणारी होती. मरिया आणि पर्सिस यांनी पुष्कळ श्रम केले. रूफाची आई पौलालाही आईसारखी झाली. पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियालाही आपला सलाम पाठविण्यास जागा मिळाली. "सर्वांचे आभार" एवढ्यावर पौलाने भागविले नाही.

आभार आणि खुशामत यांतील भेदही येथेच ध्यानात घ्यावा. प्रेषितांची कृत्ये २४ मध्ये वकील तिर्तुल्ल हा सुभेदार फेलिक्स याचे कृतज्ञतेच्या भाषेत गुणगान करितो. हा तोच फेलिक्स, ज्याने पौलाकडून पैशाची आशा धरिली व त्यास दोन वर्षे बंदीत ठेविले. ज्याच्या कारभाराविषयी रोमी इतिहासकार टॅसिटसने कठोर शब्दांत लिहिले. तिर्तुल्लाचे आभार पुढच्या मागणीची प्रस्तावना होते. आपल्या आभारांच्या पाठोपाठ लगेच नवी विनंती येत असेल, तर आपणही स्वतःस तपासावे.

४. पोच देणे

फिलिप्पै येथील मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पौलासाठी देणगी पाठविली. तिची पोच देताना (४:१८) पौल 'अपेखो' हे क्रियापद योजितो. तत्कालीन व्यवहाराच्या पावत्यांत हा शब्द आढळतो. 'भरून पावलो' ही आपल्या पावत्यांतील भाषा त्याच्या अगदी जवळची आहे. विशेष हे, की या परिच्छेदात 'मी तुमचे आभार मानतो' असे सरळ वाक्य नाही. त्याऐवजी, तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगले केले, असे तो म्हणतो. थेस्सलनीकेतही त्यांनी एकदा नव्हे, दोनदा मदत पाठविली होती, याचे त्यास स्मरण आहे. आणखी देणगीची आपणास हाव नाही, हेही तो स्पष्ट करितो. म्हणजे आभाराचे ठराविक शब्दच हवेत असे नाही. मिळाले, पुरेसे झाले आणि पूर्वीचेही ध्यानात आहे, एवढे दात्यास कळले पाहिजे.

५. फेडीची घाई नको

दावीद अबशालोमापासून पळत असता वृद्ध बर्जिल्लयाने त्यास अन्नसामग्री पुरविली. परतताना राजाने त्यास यरुशलेमेस येण्याचा आग्रह केला. ऐंशी वर्षांच्या त्या गृहस्थाने नम्रपणे नकार दिला व किम्हामास न्यावे असे सुचविले. दाविदाने तो नकार मानिला आणि किम्हामास नेले. पुढे मरणसमयी त्याने बर्जिल्लयाच्या पुत्रांवर दया करण्यास शलमोनास सांगितले (२ शमुवेल १९, १ राजे २:७).

मदत करणाऱ्याच्या हाती लगेच पाकीट ठेविले, तर कित्येकदा त्यास वाईट वाटते. हिशेब मिटविल्यासारखे होते. त्यास काय रुचेल ते पाहावे. काही नको असेल, तर त्याचा किम्हाम शोधावा. जे साहाय्य आपणास लाभले, ते पुढच्या अनोळखी मनुष्यास द्यावे आणि ते आपण कोणापासून शिकलो हेही सांगावे.

शेवटी, मदत करणाऱ्यांसाठीही एक शब्द. येशूने नऊ जणांविषयी विचारणा केली, पण त्यांचे आरोग्य काढून घेतल्याचे लूक सांगत नाही. आभार न मिळाल्याचे दुःख होणे स्वाभाविक आहे. त्यापायी पुढच्या गरजवंतास दार बंद करणे मात्र योग्य नव्हे.

मननासाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपणास मदत केलेल्या कोणत्या व्यक्तीस शेवटी काय झाले हे अद्याप कळलेले नाही?

२. आपल्या मंडळीच्या आभारप्रदर्शनात झाडणारे, स्वयंपाक करणारे, लिहून काढणारे यांची नावे व कामे सांगितली जातात काय?

३. देवाची उपकारस्तुती केली म्हणून मनुष्याचे आभार राहून गेले, असा प्रसंग आपल्या घरात घडला आहे काय? या आठवड्यात त्याविषयी आपण काय कराल?